जिंजर बिअर करायचीये? मग तयारी बाटलीपासून सुरू करा

घरी बिअर करून बघायचीये, सफरचंदाची सायडर करायचीये, काय काय आणून ठेवू, असं मला आजकाल कोणी ना कोणी विचारत असतं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. पण त्याआधी एक गोष्ट. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर किंवा सायडर बनवणं गुन्हा आहे, १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि "विकत नाही हो, घरच्यापुरतीच करतोय" हे कारण तिथे चालत नाही. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी बिअर करायला लायसन लागत नाही, अमेरिकेत १९७८ मध्ये केंद्राचा कायदा बदलला, तिकडचे व्हिडिओ बघून आपल्याला वाटतं इथेही चालत असेल, तर तसं नाहीये. म्हणून मी शिकवते ती आल्याची जिंजर बिअर. साखर खाऊन पेय आंबवणाऱ्या यीस्टचं काम तेच, गॅस तोच, स्वच्छता तीच, फक्त आपण ती दोन दिवसांत फ्रीजमध्ये टाकून थांबवतो, त्यामुळे ती घरच्या सोड्यासारखी राहते. तरी थोडंसं अल्कोहोल तयार होतंच, तेव्हा लहान मुलांना, गरोदर बाईला आणि ज्यांना अजिबात चालत नाही अशांना देऊ नका, आणि पाहुण्यांना आधी सांगून द्या.

आता तयारी. सगळे आल्यापासून सुरुवात करतात, मी म्हणते बाटलीपासून करा, कारण आलं चुकलं तर चव बिघडेल, बाटली चुकली तर काच उडेल. हिशोब समजून घ्या म्हणजे माझं म्हणणं पटेल. यीस्टने साखर खाल्ली की साधारण निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि निम्म्याचं अल्कोहोल. एक लिटर पाण्यात ४ ग्रॅम साखर संपली की जवळजवळ एक लिटर गॅस तयार होतो. बाजारातल्या गोड सोड्यात लिटरमागे साडेतीन-चार लिटर गॅस असतो, म्हणजे आपल्याला जेमतेम १५ ग्रॅम साखर खर्च व्हायला हवी. पण चवीसाठी आपण टाकतो लिटरला ८० ग्रॅम. ती सगळी बंद बाटलीत संपली तर वीस लिटर गॅस होणार, एवढा कुठलीच काच धरणार नाही. माझ्या स्वतःच्या ओट्यावर एका मे महिन्यात एक चौकोनी शोभेची बाटली फुटली होती, क्लिपच्या झाकणाची, दिसायला फार सुंदर, आणि काचेचे तुकडे पार फ्रीजच्या मागे सापडले. घरात कोणी त्या वेळी तिथे उभं नव्हतं म्हणून वाचलो. तेव्हापासून पहिल्यांदा करणाऱ्या माणसाला मी काच घेऊच देत नाही. कोल्ड्रिंकच्या किंवा सोड्याच्या प्लास्टिक बाटल्या घ्या, त्या दाबासाठीच बनवलेल्या असतात, साध्या पाण्याच्या बाटल्या नकोत, त्या पातळ असतात. दोन लिटरच्या घाण्याला अर्ध्या लिटरच्या पाच बाटल्या ठेवा, एक जास्तीची. प्लास्टिकचा मोठा फायदा म्हणजे बोटाने दाबून कळतं, भरताना बाटली मऊ लागते, गॅस झाला की दगडासारखी टणक होते. पुढे हात बसला की काच घ्या, पण गोल, जाड आणि सोड्यासाठीच बनवलेली. आपली गोटी सोड्याची बाटली आठवा, हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आतला गॅसच गोटी वर दाबून धरतो आणि काच किती जाड असते बघा.

बाटल्यांनंतर जागा आणि हवामान. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी ३८-४० होतं, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १० च्या आसपास जातं, आणि यीस्टला आवडतं मधलं, २२ ते २८ च्या बेताचं. म्हणजे पहिल्यांदा करताय तर पावसाळा सुरू झाल्यावर किंवा दिवाळीच्या मागेपुढे करा, मेमध्ये हट्ट करू नका, ३० च्या वर यीस्ट घाईघाईत काम करतं आणि चव उग्र होते, शिवाय गॅस कधी किती झाला ते कळत नाही. घरात जागा अशी बघा जिथे ऊन येत नाही आणि रात्री-दिवसात फार फरक पडत नाही, म्हणजे गॅसजवळचा ओटा नाही, फ्रीजच्या वरचा भाग नाही, गच्चीला लागून असलेली भिंत नाही. माझ्याकडे कपड्याच्या कपाटाचा खालचा कप्पा आहे. एक साधं थर्मामीटर तिथे ठेवा, शंभर-दोनशे रुपयांचा खर्च आहे पण अंदाज बांधायची गरज राहत नाही. आणि फ्रीजमध्ये बाटल्या उभ्या मावतील एवढी जागा आत्ताच करून ठेवा, त्या दिवशी लोणच्याच्या बरण्या हलवत बसाल तर बाहेर बाटल्या फुगत राहतील. गावाला जायच्या आदल्या दिवशी तर बाटल्या भरूच नका.

बाकी सामान घरातच असतं. एक लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी, चार-पाच लिटरचं स्टीलचं पातेलं, किसणी, गाळणं, नरसाळं, वजनकाटा, मलमलचा तुकडा आणि रबर. नसेल ते पुण्यात तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत मिळून जाईल. वजनकाटा मात्र हवाच, वाटीने साखर मोजली तर पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळणारच नाही. तांब्या-पितळेचं भांडं यात वापरू नका, आलं-लिंबाचं आंबट पाणी त्यात ठेवलं की तांबं उतरतं. ॲल्युमिनियमही नको.

स्वच्छतेबद्दल जरा सविस्तर सांगते कारण इथेच बहुतेकांचं बिघडतं. धुणं वेगळं आणि जंतू मारणं वेगळं. आधी साबणाने धुवा, साबणाचा वास पूर्ण जाईपर्यंत खळखळून विसळा, मग स्टील आणि काच उकळत्या पाण्यातून काढा, काच थंड असताना एकदम उकळतं पाणी ओतू नका, तडकते. प्लास्टिकच्या बाटल्यांना उकळतं पाणी चालत नाही, आकसतात, त्यांना कोमट पाणी आणि शेवटी उकळून गार केलेल्या पाण्याने विसळणं एवढं पुरतं, कारण आपण महिनोन्‌महिने ठेवणार नाही आहोत. जुनी बाटली असेल आणि आत ओरखडे असतील तर टाकून द्या. आणि चिलटं! पावसाळ्यात ती कुठून येतात देव जाणे, पण ती पायाला व्हिनेगरचे जिवाणू घेऊन येतात, म्हणून मलमल दुहेरी लावायची. हा सगळा कार्यक्रम गुरुवारी ठेवू नका, पुण्यात पाणी बंद असतं बऱ्याचदा.

पाण्यावरून आठवलं, महापालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि आपल्याला ज्या यीस्टची गरज आहे त्यांनाच ते मारतं. पाणी दहा मिनिटं उकळून झाकून गार करा, बस. टँकरचं किंवा बोअरचं खारट पाणी असेल तर फिल्टरचं घ्या.

आलं मंडईतून आणा, साताऱ्याकडचं मिळालं तर छान, माती लागलेलं चालेल, उलट बरंच. सालीवरच ते यीस्ट असतात, म्हणून नुसतं पाण्याखाली धुवायचं, सोलायचं नाही. सोलून पिशवीत भरलेलं आलं घेऊ नका. जून आलं घ्या, तिखटपणा त्यात असतो. साधारण पाव किलो लागेल. साखर पहिल्यांदा पांढरीच वापरा, गुळाची पण होते आणि मला जास्त आवडते पण गुळाने काम जोरात होतं आणि रंगामुळे आत काय चाललंय ते दिसत नाही. शुगरफ्री गोळ्यांनी काही होणार नाही, यीस्ट ते खात नाही. लिंबं चार.

आता वेळेचं गणित. जिंजर बग म्हणतात ते म्हणजे आपलं विरजणच समजा, ते आठवडाभर आधी लावायचं. रविवारी बरणीत अर्धा लिटर गार पाणी, दोन चमचे सालीसकट किसलेलं आलं, दोन चमचे साखर, ढवळून मलमल बांधा. मग रोज सकाळी तेवढंच आलं आणि तेवढीच साखर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडेला बारीक बुडबुडे दिसतात, थंडीत आठवडा लागतो. वास ताज्या पिठासारखा, थोडा आंबट यायला हवा. नेलपॉलिशसारखा किंवा कुजका आला, किंवा वर हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं वापरायच्या भानगडीत पडू नका, सगळं फेकून द्या, गेलं काय, दहा रुपयांचं आलं. ढवळल्यावर फसफसून वर आलं की तयार.

शनिवारी एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम किसलेलं आलं आणि १६० ग्रॅम साखर पंधरा मिनिटं उकळा, गाळा, एक लिटर गार पाणी आणि दोन लिंबांचा रस घाला. आता थांबा. हात लावून अजिबात गरम लागू नये, ३० च्या खाली यायलाच हवं, फार गरम असेल तर आठवडाभर सांभाळलेलं विरजण मरेल. मग गाळलेलं बग १०० मिली घालून बाटल्या भरा, वर तीन-चार बोटं जागा सोडा, झाकणावर तारीख लिहा. बरणीत उरलेल्या बगला पाणी-साखर घालून फ्रीजमध्ये ठेवा, आठवड्यातून एकदा खायला दिलं की टिकतं.

मग सकाळ-संध्याकाळ बाटल्या दाबून बघायच्या, फोनवर गजर लावून ठेवा. उकाड्यात एका दिवसात टणक होतात, थंडीत तीन दिवस. टणक झाल्या की त्याच क्षणी फ्रीजमध्ये, "उद्या ठेवू" नाही. फ्रीजमध्येही काम हळूहळू चालू राहतं, तेव्हा आठवड्याभरात संपवा. निदान एक रात्र थंड होऊ द्या, गार पाण्यात गॅस विरघळून राहतो, मग सिंकमध्ये धरून झाकण अगदी थोडं फिरवा, सूं आवाज संपेपर्यंत थांबा, फेस वर चढला तर परत घट्ट करा, दोन-तीनदा असं करा आणि मगच ग्लासात ओता.