पाच फूट एक इंच आणि जुनी डोमिनार

सीटची उंची 800 मिलिमीटर हा आकडा वाचूनच बरीच बुटकी मंडळी मोठ्या गाडीचा विचार सोडतात. मी साताऱ्यात मेडिकल चालवते. उंची पाच फूट एक इंच, वजन बावन्न किलो, आणि बजाजची जुनी डोमिनार 400 ही मोटारसायकल चालवते. त्यामुळे दुकानात औषधं कमी आणि गाडीबद्दलचे प्रश्न जास्त येतात. एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी स्वतःचं माप घ्या. उंची नाही, पायाचं. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांत घट्ट वर सरकवायचं आणि पुस्तकाच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. माझं 71 सेंटिमीटर भरतं. दोन माणसं एकाच उंचीची असली तरी यात चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज निघतो, म्हणून मैत्रिणीला जमली ती गाडी तुम्हाला जमेलच असं नाही.

कंपनीचा आकडा म्हणजे रिकाम्या गाडीच्या सीटची उंची. तुम्ही बसलात की सस्पेन्शन दबतं, फोम दबतो, आणि पायात बूट असतात. उलट बाजूने सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय तेवढे आखूड पडतात. म्हणून 790 ची रुंद सीट 800 च्या निमुळत्या सीटपेक्षा जास्त त्रास देऊ शकते. कागदावर गाडी नाकारू नका, बसून बघा. दोन्ही पायांचे चवडे टेकले की पुरे. टाचा टेकल्याच पाहिजेत हा हट्ट सोडला तर पर्याय एकदम वाढतात.

आता कोणती गाडी. डोमिनार 400 ची सीट 800, सुझुकी जिक्सर एसएफ 250 चीही 800, कावासाकी निंजा 650 ची 790, निंजा 300 ची 780 च्या आसपास. वर्सिस 650 मात्र 840 च्या घरात, तिच्या वाटेला मी गेलेच नाही. उंचीइतकंच वजन बघा. जिक्सर एसएफ साधारण 160 किलो, डोमिनार 180 च्या वर, निंजा 650 दोनशेच्या जवळ. गाडी कलती होते तेव्हा पाय किती पोहोचतात यापेक्षा पायावर किती किलो येतात हा प्रश्न असतो. पहिलीच मोठी गाडी असेल तर माझं मत सरळ आहे: जिक्सर घ्या, दोन वर्षं फिरवा. डोमिनार पळून जात नाही.

जुनीच का, नवी का नाही? कारण नव्या गाडीच्या सीटला कटर लावायला हात धजत नाही. शिवाय बुटक्या माणसाची गाडी पहिल्या सहा महिन्यांत एकदा तरी उभ्या-उभ्या आडवी होते. ती आधीच खरचटलेली असेल तर जीव कमी जळतो.

गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच फोन करून सांगा की चालू करून ठेवू नका. पोहोचल्यावर पहिलं काम, इंजिनला हात लावून बघायचा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचंय असं धरून चाला, किमान थंड होईपर्यंत थांबा. मी सांगलीत विश्रामबागेत गाडी बघायला गेले तेव्हा मालकाने माझ्या मागे बघून विचारलं, "दादा आले नाहीत का?" दादा दुकानात होते. मी खाली बसून टायर वाचत होते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर असेल तर नक्षी कितीही शिल्लक असो, नव्या टायरचे पैसे भावातून कमी करायचे.

मग हँडलची टोकं, लिव्हरची टोकं, फूटरेस्ट आणि इंजिनच्या कव्हरची कड बघा. गाडी कुठे पडली हे तिथं लिहिलेलं असतं. खरचटणं चालतं. पण हँडल पूर्ण वळवल्यावर जिथं अडतं तो चेसिसवरचा स्टॉपर वाकलेला किंवा नव्याने रंगवलेला दिसला तर गाडी समोरून जोरात आपटलेली असू शकते. तिथून निघायचं. पुढचं चाक उचलून हँडल हळूच डावी-उजवीकडे फिरवा, मधोमध खाचेत बसल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडल फिरतं ते बेअरिंग, गेलाय. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, नळीवर तेलाची ओली कड, चेनचा ढिलेपणा एका जागी जास्त आणि एका जागी कमी, हे दोष दुरुस्त होतात, फक्त पैसे तुमचे जायला नकोत. आणखी एक खास आपल्यासाठी: आधीच्या मालकाने गाडी बुटकी केलीय का? हँडलजवळच्या, फोर्क धरणाऱ्या वरच्या प्लेटमधून फोर्क किती वर आलेत, दोन्हीकडे सारखे आहेत का, साइड स्टँडला वेल्डिंगचा जोड आहे का, बघून घ्या.

कागदांचं थोडक्यात. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायला फॉर्म 35, थकलेली चलनं ऑनलाइन तपासणं, आणि विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करायला अर्ज. सांगलीकडे बेळगाव-चिकोडीच्या केए, म्हणजे कर्नाटक, पासिंगच्या गाड्या स्वस्तात दिसतात. त्या घेतल्या की तिकडची एनओसी, इकडचा रोड टॅक्स आणि आरटीओच्या चकरा आल्या. स्वस्ताई तिथेच जिरते.

आता गाडी घरी आली. सगळ्यात आधी सीट, कारण तिथं सर्वात जास्त फरक पडतो आणि गाडीच्या वळण्या-थांबण्याला धक्का लागत नाही. जुन्या बाजारातून दुसरी सीट मिळाली तर उत्तम, मूळ सीट कपाटात ठेवा, विकताना लागते.

सीटवाल्याकडे गेलात की तो विचारेल, किती उतरवायची? उत्तर इंचात देऊ नका. गाडीवर बसा, पाय खाली सोडा आणि मांड्या सीटच्या ज्या कडेला घासतात तिथं खडूने रेघ मारा. कापायचं ते तिथून. पुढचं नाक दोन्ही बाजूंनी निमुळतं केलं की पाय सरळ खाली पडतात आणि वरचा फोम फारसा न काढताही जमीन जवळ येते. माझ्या सीटवाल्याने पहिल्यांदा वरूनच करवत चालवायला घेतली होती. मी थांबवलं. नंतर वरचा थर काढायची वेळ आली तेव्हा तोच म्हणाला, "ताई, अजून कापलं तर पत्र्यावर बसाल." बरोबर होतं त्याचं. बसायच्या जागी बोटभर तरी फोम राहिलाच पाहिजे आणि तो मूळच्यापेक्षा कडक हवा. मऊ फोम दुकानात छान वाटतो आणि कराडपर्यंत चपाती होतो.

फक्त पुढचा भाग खोल केला तर सीटला टाकीकडे उतार होतो. मग प्रत्येक ब्रेकला माणूस घसरत टाकीवर जातो. म्हणून बसायची पूर्ण जागा सपाट राहील असं मागपर्यंत कापून घ्या. रेक्झिन लगेच चढवू नका. कापलेल्या फोमवर प्लॅस्टिकची पिशवी आणि चिकटपट्टी लावून शेंद्र्यापर्यंत एक चक्कर मारा, टोचतंय तिथं पुन्हा घासून घ्या. समाधान झालं की फोमवर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर रेक्झिन. शिलाई मधोमध घेऊ देऊ नका. साताऱ्याचा पाऊस शिलाईतून आत जातो आणि स्पंज आठवडाभर ओला राहतो.

दुसरं काम मागच्या शॉकअपचं. कंपनीची सेटिंग बावन्न किलोची बाई धरून केलेली नसते. हलक्या माणसाखाली स्प्रिंग पुरेशी दबत नाही, गाडी उंच राहते आणि खड्ड्यात उडवते. मागचं चाक अधांतरी असताना एक्सलपासून शेपटीवरच्या खुणेपर्यंत माप घ्या. मग रायडिंगचे कपडे घालून बसा, कुणालातरी पुन्हा माप घ्यायला लावा. फरक 30 ते 40 मिलिमीटर आला पाहिजे. कमी येत असेल तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, एकेक खाच सैल करा. हे गाडी बुटकी करणं नाही, तुमच्या वजनाला बसवणं आहे, आणि पाय जवळ येतो तो वरचा फायदा. मागे कुणी बसणार असेल तेव्हा प्रीलोड परत वाढवायचा.

यानंतरही कमी पडलं तरच लोखंडाला हात लावा. ज्या गाड्यांना मागे लिंकेज, म्हणजे शॉकअपला मागच्या चाकाच्या दांड्याशी जोडणाऱ्या पट्ट्या, असतं, उदाहरणार्थ 2017 पासूनची निंजा 650, त्यांना लांब लिंक लावून मागची बाजू उतरवता येते. पण नुसती मागची बाजू खाली गेली की पुढचा फोर्क जास्त कलतो, गाडी वळायला आळशी होते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. म्हणून फोर्कही प्लेटमधून थोडे वर सरकवावे लागतात. मी फोर्क 8 मिलिमीटरच सरकवले, दोन्हीकडे व्हर्निअरने मोजून. दहाच्या पुढे जाऊ नये असं माझं मत. फोर्क पूर्ण दबल्यावर मडगार्ड वर कुठं आपटत नाही ना, ब्रेकची नळी ताणत नाही ना, हे बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. आणि इंचा-इंचाने उतरवत गेलात तर आपल्याकडचे स्पीडब्रेकर खालून हिशोब घेतील. चेसिस कापून-जोडून देतो म्हणणारा भेटला तर नमस्कार करून निघा. ते धोक्याचंही आहे आणि कायद्याबाहेरचंही.

गाडी उतरली की साइड स्टँड लांब पडतो, गाडी सरळ उभी राहते आणि वाऱ्यानेसुद्धा उजवीकडे जाऊ शकते. स्टँड गाडीवरून सोडवून वेल्डरकडे न्या, थोडा-थोडा कापून बघा. गाडीवरच वेल्डिंग करू देऊ नका, इलेक्ट्रॉनिक्सची वाट लागते.

बुटांना जाड सोल लावून घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. मात्र सोल जाड झाला की बूट गिअरच्या लिव्हरखाली अडकतो, लिव्हर एक दात वर करून घ्या. क्लच-ब्रेकला बोटं पुरत नसतील तर ॲडजस्टेबल लिव्हर मिळतात.

एवढं करूनही यवतेश्वरच्या घाटात खरी परीक्षा असते. आपण डावीकडून चालतो आणि रस्ता मधे उंच, कडेला उतरता. चढावर थांबताना उजवा पाय मागच्या ब्रेकवर लागतो, म्हणजे टेकायचा डावा, आणि नेमकी डावीकडचीच जमीन खाली गेलेली. सपाटीला टेकणारा पाय तिथं हवेत राहतो. म्हणून डांबराच्या अगदी कडेला थांबू नका, दोन फूट आत थांबा, आणि थांबायच्या आधी पाय पडेल ती जागा बघून ठेवा. खडी असेल तर पुढे चला. बूड सीटवरून थोडं डावीकडे सरकवलं की डावा पाय पूर्ण टेकतो. दोन्ही पायांनी अर्धवट लोंबकळण्यापेक्षा एक पाय पक्का बरा.

पार्किंगला गाडीचं तोंड कधीही उताराकडे भिंतीला लावू नका. चवड्यांवर 180 किलो मागे चढवत नेता येत नाहीत. तोंड चढाकडे ठेवा, पहिल्या गिअरमध्ये, म्हणजे निघताना गाडी आपोआप मागे येते.

सामान लावताना दोन्ही बाजूंच्या बॅगा खाली आणि सारख्या वजनाच्या ठेवा. टॉप बॉक्स, म्हणजे सीटमागचा उंच डबा, मी काढून टाकला. त्याच्यावरून पाय फिरवायचा तर स्टँडवर असतानाच डाव्या फूटरेस्टवर उभं राहून चढावं लागतं, आणि कापलेल्या स्टँडवर मला तो भार रोज टाकायचा नाही.