गाडीच्या रिमोट किल्लीचा सेल घरी कसा बदलावा

रिमोट किल्लीचा सेल सहसा एका दिवसात दगा देत नाही, आधी खुणा दिसतात. लांबून उघडणारी गाडी दाराजवळ गेल्याशिवाय उघडत नाही. बटण दोन-तीनदा दाबावं लागतं. किल्लीवरचा छोटा दिवा मंद लागतो किंवा लागतच नाही. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांमध्ये डॅशबोर्डवर किल्लीची बॅटरी कमी असल्याचा किंवा किल्ली सापडत नसल्याचा संदेश येतो. यातलं काहीही दिसलं की सेल बदलून टाका. काम पाच-दहा मिनिटांचं आहे. नुकसान होतं ते बहुतेक वेळा कवच चुकीच्या जागी उचकटल्याने किंवा चुकीच्या जाडीचा सेल बसवल्याने, म्हणून या दोन गोष्टींना वेळ द्या.

सेल बदलण्याआधी दोष सेलचाच आहे ना, ते बघा. दुसरी किल्ली असेल तर तीच वापरून पाहा. ती लांबून नीट चालली तर पहिल्या किल्लीचा सेल गेला आहे. दोन्ही किल्ल्या सारख्याच कमजोर वाटल्या तर गाडीतला रिसीव्हर किंवा गाडीची मुख्य बॅटरी तपासावी लागेल. लॉकचं बटण चालतं पण अनलॉकचं नाही, असं असेल तर बटणाखालचा स्विच झिजलेला असतो, नवा सेल घालून तो सुधारत नाही. एकाच ठिकाणी किल्ली चालत नसेल आणि इतरत्र चालत असेल तर त्या जागी दुसऱ्या कुठल्या तरी रेडिओ लहरींचा अडथळा आहे.

सेलचा नंबर

नंबर गाडीच्या माहितीपुस्तकात असतो आणि जुन्या सेलवर कोरलेलाही असतो. बहुतेक किल्ल्यांत सीआर२०३२ असतो, पण सीआर२०२५, सीआर२०१६, सीआर१६३२, सीआर१६२०, सीआर१६१६ आणि सीआर२४५० हेही वापरात आहेत. हा नंबर म्हणजे थेट माप आहे. पहिले दोन आकडे व्यास मिलिमीटरमध्ये, शेवटचे दोन जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागात. म्हणजे २०३२ हा २० मिमी रुंद आणि ३.२ मिमी जाड, २०२५ तेवढाच रुंद पण २.५ मिमी जाड.

दोन्ही ३ व्होल्टचेच आहेत आणि व्यासही सारखा, म्हणून एकाच्या जागी दुसरा बसवण्याचा मोह होतो. तसं करू नका. पातळ सेल २०३२ च्या जागी घातला तर संपर्क सैल राहतो. किल्ली टेबलावर चालते, खिशात हलली की बंद पडते. उलट, २०२५ च्या जागी २०३२ दडपला तर धातूची पट्टी कायमची वाकते किंवा कवच नीट मिटत नाही. आणखी एक धोकादायक जुगाड म्हणजे दोन सीआर२०१६ एकावर एक ठेवणं. जाडी बरोबर ३.२ मिमी होते, पण व्होल्टेज ६ होतं आणि ३ व्होल्टचं सर्किट जळू शकतं. काही किल्ल्यांत दोन सेल मुळातच असतात, तिथे मात्र दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीचे आणि नवेच घाला.

एलआयआर२०३२ हा चार्ज होणारा सेल दिसायला तसाच असतो, पण पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. किल्लीसाठी तो घेऊ नका. सेल घेताना नामांकित कंपनीचा, बंद पाकिटातला आणि मुदत दूर असलेला निवडा. डब्यात सुटे एकत्र ठेवलेले सेल एकमेकांना टेकून वापरण्याआधीच उतरलेले असू शकतात.

मल्टीमीटर असेल तर नवा सेल ३.० ते ३.३ व्होल्ट दाखवतो. जुना २.८ च्या खाली गेला असेल तर तो संपत आला आहे. मात्र २.९ दिसला म्हणून सेल चांगला ठरत नाही. या सेलचं व्होल्टेज आयुष्यभर जवळपास स्थिर राहतं आणि शेवटी घसरतं. शिवाय जुन्या सेलचा अंतर्गत अवरोध वाढलेला असतो. मीटर जवळजवळ करंट खेचत नाही, म्हणून आकडा बरा दिसतो, पण बटण दाबताच किल्ली सिग्नल पाठवायला करंट मागते आणि त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं. थंडीत हे जास्त जाणवतं. सकाळी गारठ्यात न चालणारी किल्ली दुपारी चालू लागली तर सेल शेवटच्या टप्प्यात आहे असं समजा.

कवच उघडणं

टेबलावर फिक्या रंगाचं कापड पसरा आणि बाजूला एक वाटी ठेवा. छोटे स्क्रू आणि चिपा कापडावर लगेच दिसतात. हाताशी लागेल ते असं: २.५ ते ३ मिमी रुंद चपट्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर, त्याच्या टोकावर गुंडाळायला चिकटपट्टी, काही किल्ल्यांसाठी पीएच०० मापाचा स्टार स्क्रूड्रायव्हर आणि प्लास्टिकचा चिमटा किंवा काडी. सुरुवात करण्याआधी गाडीच्या किंवा नळाच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. किल्ली उघडण्याआधी तिचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

स्मार्ट किल्लीत, म्हणजे बटणाने सुरू होणाऱ्या गाडीच्या किल्लीत, एक लोखंडी पातं लपलेलं असतं. बाजूचा छोटा खटका दाबून ते बाहेर ओढा. ते निघालं की त्याच्या पोकळीत एक अरुंद खाच दिसते. कवच उघडायची जागा बहुतेक वेळा तीच असते. चिकटपट्टी गुंडाळलेलं टोक त्या खाचेत घाला आणि मनगट हळूच फिरवा, वरून उचकटू नका. 'कट्' असा आवाज आला की थांबा, टोक थोडं पुढे सरकवून पुन्हा फिरवा, असं कडेने जात राहा. एकाच जागी जोर दिला तर प्लास्टिकचे खटके तुटतात आणि मग किल्ली मिटूनही फट राहते.

पातं दुमडणाऱ्या किल्लीत दोन भाग असतात: पात्याचा आणि बटणांचा. सहसा आधी पातं बाहेर काढावं लागतं, मग सांध्याजवळची खाच वापरून बटणांचा भाग वेगळा होतो. काहींच्या मागे फक्त गोल झाकण असतं, ते नाण्याने डावीकडे फिरवून निघतं. साध्या, पातं घट्ट बसवलेल्या किल्लीत बाजूला किंवा लोगोच्या चकतीखाली एक स्क्रू असू शकतो. खाच दिसतच नाही अशा किल्लीवर जोर लावत बसू नका. स्क्रू कुठे लपला आहे ते आधी शोधा, स्क्रू काढला की तीच किल्ली सहज उघडते.

कवच उघडताना बटणांचं रबर आणि सर्किट बोर्ड सुटे निघू शकतात. त्यांची जागा लगेच बघून घ्या. त्याहून महत्त्वाची एक वस्तू म्हणजे ट्रान्सपाँडर चिप. काही दुमडणाऱ्या आणि साध्या किल्ल्यांमध्ये ती बोर्डावर नसून वेगळ्या खाचेत ठेवलेला काळ्या रंगाचा छोटा तुकडा किंवा काचेची बारीक नळी असते. ती सेलसारखी दिसत नाही, म्हणून कचरा समजून फेकली जाते. ती हरवली तर रिमोट चालेल, दार उघडेल, पण गाडी सुरू होणार नाही, कारण इमोबिलायझर, म्हणजे ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी गाडीतली यंत्रणा, हीच चिप ओळखतो. कवच उघडल्या उघडल्या ती कुठे आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सेल काढणं आणि बसवणं

जुना सेल कुठल्या बाजूने वर आहे ते आधी बघा. रुंद, गुळगुळीत बाजू, जिच्यावर नंबर आणि अधिक चिन्ह असतं ती धन, आणि अरुंद, थोडी खडबडीत बाजू ती ऋण. बहुतेकदा सेलच्या खाचेतही एक चिन्ह असतं. सगळ्या किल्ल्यांत धन बाजू वरच असते असं मुळीच नाही, म्हणून फोटो काढा.

सेल धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या काही ठिकाणी स्प्रिंगसारख्या असतात. काढताना प्लास्टिकची काडी कडेच्या खाचेत घालून सेल वर उचला. पट्टीच्या खालून लोखंडी स्क्रूड्रायव्हर घुसवला तर पट्टी वाकते, आणि नवा सेल घालूनही किल्ली न चालण्याचं ते मोठं कारण आहे. लोखंडी चिमट्याने सेल दोन्ही सपाट बाजूंनी धरू नका, धन आणि ऋण जोडले जाऊन सेल लगेच उतरू लागतो.

नवा सेल बसवण्याआधी संपर्काच्या पट्ट्या बघा. हिरवट किंवा पांढरी साय दिसली तर कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. नव्या सेलवर बोटांचा तेलकट थर नको, कडेने धरा, सपाट बाजू कोरड्या कापडाने पुसा. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू थर दिलेला असतो. त्या थरामुळे काही किल्ल्यांमध्ये संपर्क होत नाही. तशी शंका आली तर सेलची कड आणि सपाट बाजू अल्कोहोलने पुसून पुन्हा घाला, किंवा थर नसलेला सेल वापरा.

सेल आधी पट्टीच्या बाजूला सरकवून मग दुसरं टोक खाली दाबा. तो पूर्ण सपाट बसला पाहिजे. कवच मिटण्याआधी एकदा बटण दाबून दिवा बघा, मग मिटवा. कडेला रबरी पट्टी असेल तर ती तिच्या खोबणीतच बसवा, नाहीतर ओलावा आत जातो. कवच सर्व बाजूंनी अंगठ्याने दाबत जा आणि प्रत्येक खटक्याचा आवाज ऐका. स्क्रू हलकेच आवळा. प्लास्टिकमधले आटे एकदा गेले की पुन्हा धरत नाहीत.

सेल बदलल्याने बहुतेक किल्ल्यांचा गाडीशी असलेला संबंध तुटत नाही, ओळख किल्लीच्या कायमस्वरूपी स्मृतीत असते. काही मॉडेल्समध्ये मात्र किल्ली गाडीशी पुन्हा जुळवावी लागते. त्याची रीत मॉडेलनुसार वेगळी आहे आणि माहितीपुस्तकात दिलेली असते. काही गाड्यांत बटण लागोपाठ दोनदा दाबलं तरी जुळतं.

तरीही चालली नाही तर

आधी सेल उलटा नाही ना बघा. मग पट्टी सेलला खरोखर टेकते का ते बघा. टेकत नसेल तर काडीने ती अगदी थोडी वर किंवा आत वाकवा. सेल योग्य जाडीचा आहे का, पाकिटाची मुदत संपलेली नाही ना हे पाहा, आणि दुसरा नवा सेल घालून बघा. नवा म्हणून घेतलेला सेलही खराब निघू शकतो. दिवा लागतो पण गाडी प्रतिसाद देत नाही, तर जुळवणीचा किंवा गाडीच्या बाजूचा प्रश्न आहे. दिवा लागतच नाही तर संपर्काचा किंवा बोर्डाचा.

काही जुन्या किल्ल्यांत सेलच्या जागी बोर्डाला डागलेली (सोल्डर केलेली), चार्ज होणारी बॅटरी असते. इग्निशनमध्ये किल्ली असताना ती चार्ज होते. तिच्याऐवजी साधा सीआर सेल बसवू नका, चार्ज न होणाऱ्या लिथियम सेलला चार्ज देणं धोकादायक आहे. शिवाय साध्या सेलवर थेट डाग देणंही टाळा, उष्णतेने तो फुटू शकतो. अशी किल्ली ओळखीच्या कारागिराकडेच द्या.

सेल रस्त्यातच संपला तरी गाडी सहसा अडकून पडत नाही. किल्लीतलं पातं काढून दार उघडा. काही गाड्यांत कुलपाचं भोक दाराच्या हँडलवरच्या छोट्या झाकणाखाली लपलेलं असतं, ते झाकण पात्याच्याच टोकाने निघतं. पात्याने दार उघडल्यावर अलार्म वाजू शकतो, गाडी सुरू झाली की तो थांबतो. मग ब्रेक दाबून किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून धरा आणि बटण दाबा. काही गाड्यांत ही जागा स्टीअरिंगजवळ किंवा मधल्या कप्प्यात असते. चिपला सेलची गरज नसते, गाडीतल्या कॉइलमधूनच तिला तेवढी ऊर्जा मिळते. रस्त्यात वेळ येण्याआधी ही जागा माहितीपुस्तकात एकदा बघून ठेवा.

सेल वारंवार संपत असेल तर किल्ली कुठे ठेवता ते बघा. काही स्मार्ट किल्ल्या गाडीच्या सिग्नलला सतत उत्तर देत राहतात. गाडीपासून काही मीटर दूर ठेवल्या तर तो खर्च वाचतो. बॅगेत दाबलं गेलेलं बटणही सेल उतरवतं.

काढलेला सेल पूर्ण उतरलेला नसतो. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, म्हणजे इतर धातूला टेकून तापणार नाही, आणि ई-कचऱ्यात द्या. काम चालू असताना जुना आणि नवा, दोन्ही सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. २० मिमीचा सेल गळ्यात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजून निघू शकते, आणि सुरुवातीला लक्षणं साधी खोकल्यासारखीही दिसतात. मुलाने सेल गिळल्याची शंका जरी आली तरी लगेच रुग्णालय गाठा. उलटी करवू नका, दुसरं काही खायला-प्यायला देऊ नका. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल तर रुग्णालयात पोहोचेपर्यंत दर १० मिनिटांनी २ चमचे, म्हणजे सुमारे १० मिली मध, जास्तीत जास्त ६ वेळा देता येतो. मधासाठी निघायला उशीर करू नका, आणि सेलचं पाकीट सोबत न्या, त्यावरचा नंबर डॉक्टरांना लागतो.