तीव्र दम्यातील खोकल्याचा अभ्यास कसा करावा

तीव्र दम्याच्या, म्हणजे भरपूर औषधे घेऊनही आटोक्यात न येणाऱ्या दम्याच्या, रुग्णाची धाप, घरघर आणि रात्रीची झोपमोड यांची नोंद होते. खोकला मात्र पुष्कळदा निसटतो. दम्यावरील नियंत्रण मोजणाऱ्या ‘एसीक्यू’ या सर्वपरिचित प्रश्नावलीत खोकल्याविषयी एकही प्रश्न नाही, त्यामुळे तिचे गुण सुधारले म्हणून खोकलाही कमी झाला असे धरून चालता येत नाही.

प्रथम रुग्णाची निवड काटेकोर करावी. पंप ओढण्याची पद्धत चुकत असेल किंवा औषधांत खंड पडत असेल, तर तो दमा तीव्र ठरवण्याआधी या चुका दुरुस्त करून पाहाव्यात. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू आहे का, जठरातील आम्ल वर येते का, नाकातील स्राव घशात उतरतो का, हेही विचारावे, कारण यांमुळेही खोकला येतो. अभ्यास महाराष्ट्रात होत असेल, तर दोन आठवड्यांहून अधिक खोकणाऱ्याची क्षयरोगासाठी तपासणी ‘हा तर जुना दमेकरी’ म्हणून टाळू नये, विशेषतः तो स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असेल तर.

खोकल्याचा त्रास मोजण्यासाठी २००३ साली प्रसिद्ध झालेली लेस्टर खोकला प्रश्नावली उपयोगी पडते. तिच्यात १९ प्रश्न असून एकूण गुण ३ ते २१ या दरम्यान येतात, आणि गुण जितके कमी तितका त्रास अधिक. ती इंग्रजीतून वाचत जागच्या जागी मराठी करून विचारणे मला धोक्याचे वाटते, कारण ठसका, उबळ आणि ढास यांतला फरक रुग्णाला नेमका कळतो आणि विचारणाऱ्याचा शब्द बदलला की उत्तरही बदलते. तपासून प्रमाणित केलेले भाषांतरच वापरावे.

त्रास आणि संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संख्येसाठी रुग्णाच्या अंगावर ध्वनिमुद्रण यंत्र लावून २४ तासांतील खोकले मोजतात. यंत्रात घरातील बोलणीही मुद्रित होतात, म्हणून संमतिपत्रात ते स्पष्ट लिहावे आणि मुद्रण कोण ऐकणार हेही सांगावे. झोपेची वेळ रुग्णाकडूनच लिहून घ्यावी. रात्री खोकला बराच कमी होतो आणि दिवस-रात्र एकत्र केल्यास चित्र बिघडते. काही थोडे रुग्ण इतरांच्या कित्येक पट खोकतात, त्यामुळे साधी सरासरी फसवी ठरते; आकड्यांचे लॉगरिदम घेऊन भूमितीय सरासरी काढावी.

मिरचीतील कॅप्सायसिन हा तिखट घटक श्वासावाटे देऊन खोकल्याची संवेदनशीलता तपासता येते. फोडणीचा ठसका ज्याने अनुभवला आहे त्याला यामागचे तत्त्व वेगळे समजवावे लागत नाही. परंतु तीव्र दम्यात श्वासनलिका आवळण्याची भीती असल्याने डॉक्टर, श्वासनलिका मोकळी करणारे साल्ब्युटामॉल आणि औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर हाताशी असल्याशिवाय, तसेच चाचणीपूर्वी फुप्फुसांची क्षमता मोजल्याशिवाय, ही चाचणी करूच नये.

रक्तातील इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि श्वासातील नायट्रिक ऑक्साइड ही दाहाची दोन मापे शक्यतो त्याच भेटीत मोजावे, म्हणजे खोकला श्वासनलिकेच्या दाहाबरोबर चालतो की मज्जातंतूंच्या अतिसंवेदनशीलतेमुळे स्वतंत्रपणे टिकून राहतो, हे पडताळता येते. नुकतीच सर्दी झाली असेल किंवा दम्याचा झटका येऊन गेला असेल, तर ती भेट काही आठवडे पुढे ढकलावी.