अ‍ॅनिमेशन कामगारांची युनियन उभारताना या चुका टाळा

अंधेरीपासून मालाडपर्यंत पसरलेल्या अ‍ॅनिमेशन आणि व्हीएफएक्स (संगणकावर केलेले दृश्य परिणाम) स्टुडिओंमध्ये युनियनचा विषय नवा नाही. डिलिव्हरीच्या आठवड्यात रात्री जागून शॉट पूर्ण करणारे कलाकार तो हमखास काढतात आणि प्रोजेक्ट संपला की तो मागे पडतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हीएफएक्स क्षेत्रातला टेक्निकलर समूह कोसळून भारतातील हजारो कलाकारांचे काम एकाएकी गेले, तेव्हा या विषयाला पुन्हा धार आली. मात्र संताप कितीही रास्त असला, तरी संघटना बहुधा कागदपत्रांपाशी अडते आणि तिथे होणाऱ्या चुका जवळजवळ ठरलेल्या आहेत.

सर्वांत पहिली चूक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गटालाच युनियन समजणे. गटात शेकडो जण असतात, पण वर्गणी भरून सभासदत्वाच्या अर्जावर सही करणारे किती, हे विचारले की शांतता पसरते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. तरीही या संघटनेकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही आणि नियमही नाहीत, असा शेरा तत्कालीन सरकारी अहवालात नोंदला गेला. लोखंड्यांचे काम त्याने उणे होत नाही. परंतु आज असा शेरा बसला तर नोंदणीच मिळणार नाही. त्यामुळे सभासदांची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि ती स्टुडिओच्या संगणकावर किंवा ईमेलवर कधीही ठेवू नये.

नोंदणी आणि मान्यता यांतली गल्लत मात्र सर्वांत महागात पडते, म्हणून तिच्याकडे थोडे सविस्तर पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार किमान सात जण नोंदणीसाठी अर्ज करू शकतात. मात्र संबंधित आस्थापनेतील किंवा उद्योगातील १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद असावे लागतात आणि ती संख्या पुढेही टिकवावी लागते. ‘उद्योगातील’ या तरतुदीमुळे मुंबईतील अनेक स्टुडिओंमधल्या कलाकारांची एकच युनियन होऊ शकते आणि स्टुडिओ सतत बदलणाऱ्या या क्षेत्राला तीच सोयीची आहे. मान्यता, म्हणजे वाटाघाटीचा हक्क मात्र प्रत्येक आस्थापनेत वेगळा मिळवावा लागतो. एकाहून अधिक युनियन असतील, तर हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. तितका पाठिंबा कोणाकडेच नसेल, तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद बनते. खरी मेख ‘हजेरीपटावरील’ या शब्दात आहे. वर्षानुवर्षे त्याच खुर्चीवर बसणाऱ्या, ठरलेल्या वेळेत येणाऱ्या आणि सुपरवायझरच्या आदेशाने रिटेक करणाऱ्या कलाकाराला ‘कन्सल्टंट’ ठरवून, भविष्यनिर्वाह निधी न भरता १० टक्के टीडीएस कापून मानधन दिले जाते, तेव्हा तो या पटावर दिसतच नाही. अशा कलाकारांना वगळून केलेली मोजणी युनियनला दुबळे ठरवते. माझ्या मते वेतनवाढीच्या आधी पहिली मागणी त्यांना पटावर घेण्याचीच असावी. कामाच्या वेळा कोण ठरवतो, यंत्र कोणाचे आहे आणि कामावर देखरेख कोण करतो, याचे पुरावे त्यासाठी जमवावेत.

याच संदर्भात एक दुर्लक्षित तरतूद सांगण्याजोगी आहे. व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतील दृकश्राव्य निर्मितीच्या व्याख्येत अ‍ॅनिमेशन आणि व्यंगचित्रपटांचा स्पष्ट उल्लेख असून, अधिसूचित वेतनमर्यादेत बसणाऱ्या दृकश्राव्य कामगाराला लेखी करार केल्याशिवाय कामावर ठेवता येत नाही. तोंडी आश्वासनावर काम सुरू करणाऱ्यांनी हे आवर्जून वाचावे.

पुरावा गोळा करतानाच अनेक जण घसरतात. जादा कामाचे तास दाखवण्यासाठी अप्रकाशित फ्रेमचा स्क्रीनशॉट बाहेर पाठवला, की गोपनीयता कराराचा भंग होतो आणि व्यवस्थापनाला कारवाईचे निमित्त आयतेच मिळते. येण्या-जाण्याच्या वेळा स्वतःच्या वहीत लिहाव्यात आणि पगाराच्या पावत्या व करारपत्रे जपून ठेवावीत. जादा तास दाखवायला प्रोजेक्टमधले एकही चित्र लागत नाही.

‘लीड’ (गटप्रमुख) हे पद मिळालेल्यांना परस्पर युनियनबाहेर ठेवणे हीदेखील चूकच आहे. कायदा पदनाम पाहत नाही, मुख्य काम पाहतो. दिवसाचा बहुतांश वेळ स्वतः शॉट करणारा लीड केवळ नावामुळे पर्यवेक्षक ठरत नाही.

संपाबाबत उतावीळपणा टाळावा. सर्वांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली की संपाचा ठपका येत नाही, हा समज चुकीचा आहे: एखाद्या दिवशी ५० टक्के किंवा त्याहून अधिक कामगारांनी संगनमताने घेतलेली रजा औद्योगिक संबंध संहितेनुसार संपच आहे. संपाआधी १४ दिवसांची नोटीस आवश्यक असून, बेकायदा संपासाठी कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय हे काम फायलींच्या रूपात बंगळूरला किंवा हैदराबादला एका रात्रीत हलवता येते. अमेरिकेत १९४१ मध्ये डिस्नेच्या कलाकारांनी संप केला, तेव्हा कागदावरची रेखाटने अशी सहज हलत नव्हती. इथे दबाव निर्माण होतो तो डिलिव्हरीच्या तारखेमुळे, म्हणून मागणीपत्र प्रोजेक्टच्या मध्यावर, सर्व विभागांच्या सह्यांसह द्यावे. रोटो, रिगिंग, लाइटिंग आणि कॉम्पोझिटिंग यांपैकी एकच विभाग पुढे आला, तर त्याचे काम दुसरीकडे वळवणे सोपे जाते.

युनियनमध्ये आल्यास कामावरून काढण्याची धमकी देणे ही अनुचित कामगार प्रथा आहे. अशी धमकी मिळाल्यास तारीख आणि साक्षीदारांसह लेखी तक्रार वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.

पदाधिकारी निवडताना बाहेरच्या व्यक्तींची संख्या एक तृतीयांश किंवा पाच, यांपैकी जी कमी असेल तिच्यापुढे जाऊ नये. मात्र कपातीत काम गेलेला सहकारी या हिशेबात बाहेरचा धरला जात नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. म्हणून अशा अनुभवी माणसाला घरी न बसवता सचिवपदासाठी त्याचा विचार जरूर करावा.