मसाई मारातील तंबूत मुक्काम करताना

केनियातील मसाई मारा परिसरातल्या लहान, पारंपरिक तंबूंच्या कॅम्पना बहुधा कुंपण नसते; रात्री हत्ती, पाणघोडे किंवा तरस तंबूंच्या मधून निघून जाऊ शकतात, म्हणून अंधार पडल्यावर जेवणाचा तंबू कितीही जवळ असला तरी पहारेकऱ्याला बोलावल्याशिवाय बाहेर पाऊल टाकू नये. खाण्याचे पदार्थ तंबूत मुळीच ठेवू नयेत. घरून नेलेला चिवडा आणि लाडूही कॅम्पच्या स्वयंपाकघरात सांभाळायला द्यावेत, कारण माकडांना तंबूची चेन सहज उघडता येते आणि माणसाच्या खाण्याची चटक लागणे त्यांच्यासाठीही घातकच असते. अंघोळीचे गरम पाणी टांगलेल्या बादलीतून मिळत असल्यामुळे वेळ आधी कळवावी आणि साबण लावताना पाणी बंद ठेवावे. मारा समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर असल्याने पहाटे उघड्या जीपमध्ये स्वेटर हवाच. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल, तर सामान सहसा १५ किलोपर्यंत आणि मऊ बॅगेतच न्यावे लागते. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे. भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे ती लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी.