स्थलांतरित पूर्वजांचा माग काढायचाय? मग आधी जहाज नको, गाव शोधा

घराण्याचा शोध घ्यायला बसलेली बहुतेक माणसं पहिल्याच दिवशी जहाजांतल्या प्रवाशांच्या याद्या उघडतात. मीही तेच केलं होतं, एका मैत्रिणीच्या पणजोबांसाठी, आणि त्याच नावाच्या, त्याच वयाच्या भलत्याच माणसामागे तीन महिने घालवले. त्याची बायको, मुलं, सगळं फॅमिली ट्रीमध्ये भरून झालं आणि मग घरातल्या एका जुन्या पाकिटावर पणजोबांच्या भावाचं नाव मिळालं तेव्हा कळलं की हा माणूस आपला नाहीच. म्हणून कळकळीने सांगते, जहाज नंतर. आधी स्वतःपासून सुरू करा, मग आईवडील, मग आजीआजोबा, एकेक पिढी मागे जायचं आणि दर पायरीला एक तरी कागद हातात पाहिजे, जन्माचा, लग्नाचा नाहीतर मृत्यूचा. मधली एक पिढी गाळली की पुढचं सगळंच चुकतं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी लवकर बोला, आणि फोनवर रेकॉर्डिंग लावून बोला. पण "आपण मूळचे कुठले?" असं विचारलंत तर नुसतं देशाचं नाव मिळेल. त्यापेक्षा विचारा, पत्रं कुठून यायची, पैसे कोणाला पाठवायचे, सगळ्यात आधी कोण आलं होतं, आल्यावर कोणाकडे उतरले. जुने फोटो उलटून बघा, मागे स्टुडिओचा शिक्का असतो आणि त्यावर शहराचं नाव असतं. फोटो काढायला माणसं जवळच्याच मोठ्या गावात जायची, म्हणजे शोधायचा भाग एकदम आटोक्यात येतो.

आता मुख्य गोष्ट. मूळ गावाचं नाव बहुतेक वेळा जिथे ते येऊन राहिले त्या देशातल्याच कागदांत सापडतं. पूर्वज अमेरिकेत गेले असतील तर १९०० ते १९३० च्या जनगणनांत देशात कधी आलात हा प्रश्न आहे. जनगणनेची पानं ७२ वर्षांनी खुली होतात, १९५० ची १ एप्रिल २०२२ ला झाली. फक्त एका जनगणनेत एक साल आणि पुढच्या जनगणनेत दुसरंच असं सर्रास दिसतं, त्यामुळे चार-पाच वर्षं मागेपुढे धरूनच चाला. नागरिकत्वाचे कागद तर सोन्यासारखे. सप्टेंबर १९०६ नंतरच्या अर्जांत जन्माची तारीख, जन्मगाव, जहाजाचं नाव, पोचल्याची तारीख असं सगळं मिळू शकतं, त्याआधीच्या अर्जांत मात्र बऱ्याचदा नुसता देश असतो.

आणि आपल्या माणसाच्या कागदात गाव नसेल तर हातपाय गाळू नका, त्याच्या भावाचे कागद बघा, बहिणीचे बघा, लग्नातले साक्षीदार बघा, शेजारच्या घरात त्याच भागातून आलेलं कोण राहत होतं ते बघा. माणसं एकटी येत नव्हती हो, एक जण आला की मागून मेहुणा, चुलतभाऊ, गाववाले असे येत राहायचे. माझ्या मैत्रिणीचं गाव शेवटी तिच्या पणजोबांच्या भावाच्या नागरिकत्वाच्या अर्जात मिळालं.

नावाबद्दल एक समज फार पसरलाय, की एलिस आयलंडवरच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावरच्या अधिकाऱ्यांनी आडनावं बदलून टाकली. तसं नव्हतं. यादी जहाज निघायच्या बाजूलाच जहाज कंपनीचे कारकून लिहायचे आणि एलिस आयलंडवरचे अधिकारी ती यादी समोर ठेवून माणूस तपासायचे. नावं बदलली ती बहुतेक नंतर, लोकांनी स्वतःच, कामावर नाहीतर मुलांच्या शाळेत सोपं जावं म्हणून. त्यामुळे यादीत आजचं आडनाव शोधू नका, मूळ भाषेतलं शोधा, आणि तेही कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असणार. आडनावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाकून पुढे चांदणीचं चिन्ह (*) द्या, नाहीतर आडनाव सोडूनच द्या आणि पहिलं नाव, वय, पोचल्याचं साल यावर शोधा. फॅमिलीसर्च या वेबसाइटवर हे फुकट करता येतं.

यादी सापडली की ओळ शेवटपर्यंत वाचा. १९०७ पासूनच्या याद्या दोन पानांवर पसरलेल्या असतात आणि लोक पहिलंच पान सेव्ह करून निघून जातात! दुसऱ्या पानावर कोणाकडे चाललाय त्याचं नाव-पत्ता असतो, जन्मगाव असतं, आणि मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाईकाचं नाव-गाव पहिल्या पानाच्या शेवटाकडच्या रकान्यात असतं, म्हणजे बाप नाहीतर बायको कुठे राहते ते थेट लिहिलेलं. व्यवसायाच्या रकान्यावर नंतर कोणीतरी लिहिलेले आकडे दिसले तर ते सोडू नका, नागरिकत्वाच्या वेळी तपासणी झाल्याची ती खूण असते. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरातून निघाले असतील तर तिथल्या १८५० ते १९३४ च्या याद्यांत राहण्याचं गाव दिलेलं असतं, त्या नक्की बघा.

पूर्वज गिरमिटिया, म्हणजे ब्रिटिश काळात भारतातून करारावर परदेशी मजुरीला नेलेले असतील तर उलट काम थोडं सोपं आहे, कारण करारावर नेलेल्या माणसाची नोंद सरकार बारकाईने ठेवायचं. एमिग्रेशन पासवर (देश सोडतानाच्या परवान्यावर) नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची, अंगावरची खूण, जहाज असं सगळं असतं. मॉरिशसचे कागद तिथल्याच मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, सुरिनामला १८७३ ते १९१६ मध्ये गेलेल्या साधारण ३४,००० लोकांची नोंद ऑनलाइन शोधता येते, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ (Natal) प्रांताला गेलेल्या जहाजांच्या याद्याही आहेत. पासवरचा नंबर जपून लिहून ठेवा, कारण नावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदात बदलतं पण नंबर तोच राहतो.

गाव मिळालं तरी घाई नको. एकाच नावाची पाच गावं असतात, आणि सीमा तर सतत हलल्यात. जनगणनेत जन्मस्थान ऑस्ट्रिया लिहिलंय म्हणून आजच्या ऑस्ट्रियात शोधत बसाल, पण ते गॅलिशिया असू शकतं, जे १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाकडे होतं आणि आज पोलंड आणि युक्रेनमध्ये वाटलं गेलंय. तिथलंच एक शहर लेम्बर्ग, ल्वूफ, ल्वोव, ल्विव्ह अशा चार नावांनी कागदांत येतं. त्या काळचा नकाशा शेजारी उघडा ठेवूनच काम करा.

डीएनए टेस्टबद्दल थोडक्यात. जवळचे नातेवाईक जुळवायला ती छान, पण खापरपणजोबांपैकी एकेकाचा वाटा आपल्यात जेमतेम सहा टक्के, त्यामुळे कागदांची जागा ती घेत नाही.

शेवटी गावाच्या नोंदवहीत आपला माणूस मिळाला की अजून एक गोष्ट तपासा. तो निघून गेला त्या सालानंतर त्याच गावात त्याच नावाचं लग्न, मूल किंवा मृत्यू दिसतोय का? तो लहानपणीच वारल्याची नोंद आहे का? असेल तर तो तुमचा नाही, परत मागे या. नसेल तर भावंडांची नावं लावून बघा. आमच्याकडे पाकिटावरचा तो भाऊ नोंदवहीत दोन ओळी खाली, त्याच आईवडिलांच्या नावाखाली होता.