कोट कोणाचा होता? आधी उलटा करून बघा

जुना ब्रिटिश लष्करी कोट हाती आला की नवखा माणूस बटणं, कॉलरवरचे बिल्ले, खांद्यावरचे तारे बघत बसतो. आधी कोट उलटा करा. अधिकारी गणवेश स्वतःच्या पैशाने शिवून घेत. शिंपी आतल्या खिशात लेबल लावून त्यावर शाईने गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख लिही. साध्या शिपायाचा कपडा सरकारी. त्यावर बाणाचा शिक्का, माप, कारखान्याचं नाव आणि नशीब असेल तर शिपायाचा नंबर. म्हणून सुरुवात अधिकाऱ्याच्या कोटापासून करा, निदान धीर तरी टिकेल.

आता तो खड्डा, ज्यात मी पडले. पहिल्या महायुद्धाच्या कपड्यावर नंबर सापडला की काम झालं असं वाटतं. काही झालेलं नसतं! 1920 पूर्वी नंबर अख्ख्या सैन्याचा नव्हता, रेजिमेंटचा होता. एकाच नंबरची कितीतरी माणसं एकाच वेळी नोकरीत असायची. रेजिमेंट बदलली की नंबर बदले. शिवाय 1917 च्या सुरुवातीला टेरिटोरियल फोर्सच्या (म्हणजे अर्धवेळ राखीव सैन्याच्या) शिपायांना नवे सहा आकडी नंबर मिळाले, म्हणजे जागचा न हललेला माणूसही दोन नंबरांचा धनी. मग यातला आपला कोणता? रेजिमेंटवरून ठरवायचं. आणि रेजिमेंट कशावरून? बिल्ल्यावरून. इथेच घात होतो. बिल्ला काढायला आणि दुसरा लावायला पाच मिनिटं पुरतात. विक्रेते कोट ‘पूर्ण’ दिसावा म्हणून लावतात, सिनेमाला कपडे भाड्याने देणारे लावतात, हौशी मंडळी लावतात. बिल्ल्याभोवती जुनी भोकं, दुसऱ्याच आकाराचा न विटलेला डाग आहे का, हे भिंगाने बघा. मुकुटही बघा. 1940 च्या कोटावर सेंट एडवर्ड मुकुटाचं बटण असेल तर ते नंतरचं, कारण तो मुकुट एलिझाबेथ राणीच्या काळात आला, त्याआधी ट्यूडर होता. (चार्ल्स राजांनी 2022 मध्ये पुन्हा ट्यूडर आणला, तेव्हा जपून.)

लिलावाच्या कॅटलॉगमधली हकीकत स्वतःची टिपणं पूर्ण होईपर्यंत वाचूच नका. आणि मार्गदर्शक असा धरा, जो ‘अजून सांगता येत नाही’ म्हणायला लाजत नाही. नाव झटकन सांगणाऱ्यांकडून मला तरी काही शिकायला मिळालं नाही.

लेबलवर नाव मिळालं तर लंडन गॅझेट (सरकारी राजपत्र) आणि आर्मी लिस्ट (अधिकाऱ्यांची छापील यादी) उघडा. दोन्ही फुकट बघता येतात. लेबलवरच्या तारखेला हा माणूस अधिकारी होता का? आडनाव-आद्याक्षरं जुळणारे दोघेतिघे निघतात, घाबरू नका, तारीख आणि छातीवरच्या पदकांच्या फिती मिळून बहुतेकांना बाद करतात. खांद्यावरचा हुद्दा मात्र लेबलपेक्षा वरचा असू शकतो. बढती मिळाली म्हणून कोणी नवा कोट शिवत नसे.

पहिल्या महायुद्धातल्या शिपायाची फाइल सापडली नाही तर स्वतःला दोष देऊ नका. सप्टेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमधलं कोठार जळालं आणि सुमारे 60 टक्के फायली गेल्या. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये पदकांची कार्डं आहेत, ती बघा.

मराठा पलटणीतल्या एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याचा कोट असेल तर क्यूला हेलपाटा घालण्याआधी ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या नोंदी बघा. भारतीय सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या फायली तिथे आहेत. वाचक-पास लागतो, फुकट मिळतो.